विद्युत सूचिचिकित्सा (इलेक्ट्रोॲक्युपंक्चर)

शरीरात टोचलेल्या सुयांच्या जोडीतून विजेचा सौम्य, स्पंदित प्रवाह सोडून करावयाचा उपचार. दीर्घकालीन व्यापक वेदनेवर, विशेषतः फायब्रोमायाल्जियावर (सर्वांगात दीर्घकाळ वेदना व थकवा राहणारा विकार), तो पूरक म्हणून वापरतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. सुयांची परंपरा चिनी असली, तरी त्यांना वीज जोडण्याची कल्पना लेखी स्वरूपात प्रथम फ्रान्समध्ये आढळते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. डॉ. लुई बेर्लिओझ (संगीतरचनाकार एक्तोर बेर्लिओझ यांचे वडील) यांनी १८१६ मध्ये ती सुचविली. प्रत्यक्ष वापराचे श्रेय बहुधा झां-बातिस्त सार्लांदिएर यांच्याकडे जाते. त्यांनी १८२५ मध्ये संधिवात व गाऊटवरील प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. चीनमध्ये १९३० च्या दशकातील वापराचे उल्लेख सापडतात; प्रसार मात्र १९५० नंतरचा. जर्मनीत राइनहोल्ट फोल यांनी प्रचारात आणलेली, त्वचेचा विद्युतरोध मोजून ‘निदान’ करणारी पद्धत हिच्याहून सर्वस्वी भिन्न असून तिला शास्त्रीय आधार नाही.

वेदनाशमनात प्रवाहाची वारंवारता (दर सेकंदाची स्पंदने, हर्ट्झमध्ये) महत्त्वाची ठरते. बीजिंगचे शरीरक्रियावैज्ञानिक हान जिशेंग यांच्या संशोधनानुसार २ हर्ट्झच्या प्रवाहाने एन्केफॅलिन व बीटा-एंडॉर्फिन, तर १०० हर्ट्झच्या प्रवाहाने डायनॉर्फिन ही शरीरातील अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवतात; म्हणून दोन्ही आलटूनपालटून देण्याची पद्धत रूढ झाली. नॅलोक्सोन या अफूविरोधी औषधाने कमी वारंवारतेच्या प्रवाहाचा परिणाम ओसरतो, हे या मताला पोषक आहे. तथापि हे पुरावे मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांचे असून अल्पकालीन वेदनेपुरते आहेत. व्यापक वेदनेत बिघाड मेंदू व मज्जारज्जूतील वेदनासंस्करणात असल्याचे मानले जाते. तेथे हाच खुलासा कितपत लागू पडतो, हा प्रश्न उरतो.

फायब्रोमायाल्जियाच्या ७० रुग्णांवरील जिनिव्हातील चाचणीत (१९९२) आभासी (तुलनेसाठी दिलेल्या नकली) उपचारापेक्षा सरस परिणाम दिसला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात (९ चाचण्या, ३९५ रुग्ण) वेदना व ताठरपणा कमी करण्यात विद्युत प्रकार हाताने फिरविलेल्या सुयांपेक्षा बहुधा उजवा ठरला. एकूण ॲक्युपंक्चरचा गुण मात्र सुमारे महिनाभर टिकला, सहा महिन्यांनी राहिला नाही. प्रवाहाची झिणझिणी रुग्णाला जाणवतेच, त्यामुळे खरा व आभासी उपचार ओळखू न देणे अवघड जाते. अशा निष्कर्षांचे मोल ठरविताना हे ध्यानात घ्यावे लागते.

पेसमेकर बसविलेल्या रुग्णांत हा उपचार सामान्यतः टाळतात. छातीवरून आरपार प्रवाह जाईल अशा रीतीने सुया जोडत नाहीत.