सीडी-४ वाढल्या, पण आजार कमी झाले नाहीत

एचआयव्हीच्या रुग्णाचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी एकाच आकड्यावर जाते: सीडी-४. शरीराच्या रोगप्रतिकाराची सूत्रं हलवणाऱ्या या टी-पेशी एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. २००च्या खाली घसरल्या की एड्सची व्याख्या लागू होते. मोजण्याची रीत मोठी सुरेख आहे. रक्तात चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडं मिसळायची, पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून सोडायच्या आणि चमकतील तेवढ्या मोजायच्या. फक्त पेशी काय कामाची आहे, हे यंत्राला कळत नाही. सगळी गोम इथेच आहे.

आजची औषधं विषाणूची वाढ रोखतात आणि बहुतेकांचा सीडी-४ हळूहळू वर येतो. काहींचा मात्र येत नाही. रक्तात विषाणू सापडत नाही, तरी आकडा आपला २००-३००च्या आसपास रेंगाळतो. मग विचार आला, की टी-पेशींना ‘वाढा’ असा निरोप शरीर ज्या प्रथिनांमार्फत देतं, तीच बाहेरून टोचली तर?

पहिला मान इंटरल्युकिन-२चा. १९७६ साली उजेडात आलेल्या या प्रथिनामुळे टी-पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता येऊ लागल्या. १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या लसिका ग्रंथीतल्या पेशी जगवल्या आणि हा विषाणू शोधला, तेव्हाही त्या पेशींच्या खुराकात इंटरल्युकिन-२ होतंच. ज्याच्या मदतीने चोर सापडला, त्यालाच आता घराची डागडुजी करायला बोलावलं होतं.

‘एस्प्रिट’ आणि ‘सिल्कॅट’ या दोन चाचण्यांत मिळून सुमारे ५,८०० जण सहभागी झाले. निम्म्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला इंटरल्युकिन-२: पाच दिवस, दिवसातून दोनदा कातडीखाली सुई, मग काही आठवडे विश्रांती, की पुन्हा पाच दिवस. प्रत्येक फेरीत ताप, हुडहुडी, अंगदुखी. लोकांनी हे सोसलं, कारण आकडा खरोखर चढत होता. एस्प्रिटमध्ये तो सरासरी १६०ने जास्त राहिला. २००९ साली निकाल आले. सात वर्षं पाठपुरावा करूनही गंभीर संसर्ग कमी झाले नव्हते, मृत्यूही नाहीत.

असं का झालं? एक अंदाज असा, की वाढलेल्या पेशींपैकी बऱ्याच जणी लढणाऱ्या नसून प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींच्या वळणाच्या होत्या. मला हा अंदाज पटतो, पण तो शेवटचा शब्द नव्हे.

मग लक्ष वळलं इंटरल्युकिन-७कडे. टी-पेशींना जगवण्याचं रोजचं काम याचंच. हे प्रथिन आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, की कोऱ्या (अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या) आणि जुन्या जंतूंची स्मृती जपणाऱ्या, म्हणजे हव्या त्याच पेशी वाढतात. अडचण अशी, की विषाणूही स्मृतिपेशींतच दडी मारून बसतो. पेशी दुभंगली की तिच्या जनुकांत शिरलेल्या विषाणूचीही आपसूक नक्कल होते. निरोप चांगल्या पेशीला जातो, तसाच बाधित पेशीलाही.

शिवाय निरोप पोहोचायला वाट हवी. लसिका ग्रंथीत धाग्यांसारख्या पेशींचं एक जाळं असतं. टी-पेशी त्याच्याच आधाराने फिरतात आणि इंटरल्युकिन-७ही तिथेच मिळवतात. एचआयव्हीमुळे होणाऱ्या दाहाने तिथे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचतं, जखमेच्या व्रणासारखं, आणि जाळं विरत जातं. खाणाऱ्या टी-पेशी कमी झाल्यामुळे रक्तात इंटरल्युकिन-७ उलट जास्तच असतं. ग्रंथीतल्या पेशीच्या तोंडी मात्र लागत नाही. उपचाराला जितका उशीर, तितका व्रण जुना.

एस्प्रिट घेणाऱ्याच संशोधकांच्या जाळ्याने पुढे ‘स्टार्ट’ ही चाचणी घेतली. तिच्यात सीडी-४ ५००च्या वर असलेले लोक होते, म्हणजे रिपोर्टवर बोट ठेवायला जागाच नाही असे. त्यातल्या निम्म्यांना एचआयव्हीची नेहमीचीच औषधं लगेच सुरू केली, बाकीच्यांना आकडा घसरेपर्यंत थांबवलं. २०१५च्या निकालात लगेच सुरुवात केलेल्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी भरला.