पाचव्यावर धूर, मग बाराव्यावरचा हूटर गप्प का?

ऑफिसच्या टॉवरमध्ये मॉक ड्रिल झालं, की ग्रुपवर एक तक्रार ठरलेली: "पाचव्या मजल्यावर धूर केला, बाराव्यावर हूटर वाजलाच नाही. सिस्टीम बोगस!"

बोगस नसते. बऱ्याचदा बाराव्यावरच्या हूटरला मुद्दाम गप्प ठेवलेलं असतं. सगळे मजले एकदम जिन्यात उतरले, तर ज्यांना खरी घाई आहे तेच अडकतील. म्हणून आधी आगीचा मजला आणि त्याच्या लगतचे मजले, बाकीचे नंतर.

बटण दाबलं की घंटा वाजते, एवढं सर्किट आपण शाळेत शिकलो. फायर अलार्ममध्ये मात्र धूर ओळखणाऱ्या प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो. पॅनेल, म्हणजे यंत्रणेचा मुख्य नियंत्रण-डबा, त्यांची पुन्हापुन्हा हजेरी घेतं, म्हणून धूर 'पाचवा मजला, पॅन्ट्री' इथे आहे हे त्याला कळतं. पुढे काय करायचं, ते एका तक्त्यात लिहिलेलं असतं. आडव्या ओळींत कारणं, उभ्या रकान्यांत परिणाम. जिथे फुली, तिथे कृती. लिफ्ट तळमजल्यावर आणा, एसीचे पंखे बंद करा, दारांची चुंबकी कुलुपं सोडा. पण धूर तळमजल्याच्या लिफ्ट लॉबीतच असेल तर? त्यासाठी वेगळी ओळ, लिफ्टला वेगळा मजला.

माझा सगळ्यात आवडता भाग धुराच्या पंख्यांचा. काही इमारतींत आगीच्या मजल्यावरची हवा बाहेर खेचतात आणि वरखालच्या मजल्यांत ताजी हवा भरतात. दाबातल्या फरकामुळे धूर पाचव्यावरच कोंडला जातो. आता समजा, थोडा धूर शाफ्टमधून, म्हणजे मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या पोकळीतून, सहाव्यावर निसटला आणि तिथल्या डिटेक्टरनेही इशारा दिला. साधाभोळा प्रोग्राम सहाव्यालाच आगीचा मजला मानेल, तिथली हवा खेचेल आणि पाचव्यात ताजी हवा भरेल. म्हणजे चुलीला फुंकणीच! म्हणून नियम असा, की पंख्यांसाठी पहिला डिटेक्टर तोच खरा. नंतरच्यांनी हूटर वाजवावेत, पंख्यांना हात लावू नये.

काच फोडून दाबायच्या लाल डबीला तर पंख्यांच्या रकान्यात फुलीच नको. घाबरलेला माणूस पाचव्यावरून पळतो आणि तिसऱ्यावरची डबी दाबतो.

तीन-चार पॅनेलं नेटवर्कने जोडली, की 'पहिला कोण' हाच प्रश्न अवघड होतो. पहिला इशारा येताच 'पहिला ठरला' अशी एक आभासी खूण प्रोग्राममध्ये उभी करायची. बाकी पॅनेलांनी पंखे हलवण्याआधी ती तपासायची. केबल तुटून खूण पोचलीच नाही तर? पॅनेलं रिंगमध्ये, म्हणजे गोल फिरून परत येणाऱ्या केबलने, जोडलेली असतील तर संदेश उलट्या वाटेने येतो. दोन ठिकाणी तुटली तर प्रत्येक तुकड्याने आपापल्या भागापुरतं काम चालू ठेवायचं, आणि हेही आधीच लिहून ठेवायचं. या सगळ्याच्या वर अग्निशमन दलासाठी हाताने चालवायचे स्विच.

यात 'एआय'ची जादू नाही. आहे तो 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचा हिशेब. एका ठिकाणी तर पॅनेल वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेय कोपऱ्यात हवं, असा हट्ट होता. तो कोपरा स्टोअररूमच्या मागे! बंबवाले येतात मुख्य दाराने, त्यांना पॅनेल तिथेच दिसायला हवं.

आणि पॅनेलवरची नावं? नूतनीकरणात पॅन्ट्री दुसऱ्या टोकाला गेली, तिच्या जागी मीटिंग रूम आली. पॅनेल अजून तिला पॅन्ट्रीच म्हणतंय.