टीसीएल आणि ओटी टेस्ट

टीसीएल म्हणजे गावाकडे पिण्याच्या पाण्यात टाकतात ती ब्लिचिंग पावडर, आणि ओटी टेस्ट म्हणजे ती टाकली का, टाकली असेल तर पुरली का, हे जागच्या जागी दाखवणारी तपासणी. महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रामपंचायतींचं पाणी निर्जंतुक ठेवायचं काम या दोन गोष्टींवर चालतं. शहरातल्या मोठ्या प्लांटवर पावडरीच्या जागी क्लोरीन गॅसचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात, मागचं तत्त्व तेच. पाण्यात सतत क्लोरीन घालून अख्ख्या शहराला पुरवायचा अमेरिकेतला पहिला मोठा प्रयोग १९०८ साली जर्सी सिटीत झाला, त्यावरून कोर्टकचेरीही झाली, पण टायफॉईड-कॉलरा आटोक्यात येतोय म्हटल्यावर ही पद्धत जगभर गेली.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पण ही पावडर म्हणजे मिठासारखी नाही की पोतं भरून ठेवलं आणि वर्षभर वापरलं. हवा, ऊन, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. म्हणून पावडरीचा नमुनाही लॅबला पाठवतात आणि क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती पावडर बाद. माझ्या पाहण्यातल्या एका गावात पोतं तोंड उघडं टाकून मोटारीच्या खोलीत पडलेलं असायचं, पावडर रोज इमानदारीत टाकत होते हो, पण ती टाकून काही उपयोग नव्हता.

टाकायचीही रीत आहे. आधी विहिरीतलं पाणी मोजायचं, म्हणजे ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते जवळपास २८ हजार लिटर होतं. पुस्तकात हजार लिटरला चांगल्या पावडरीचे २.५ ग्रॅम सांगतात, आपल्याकडे सरसकट ५ ग्रॅम धरतात, म्हणजे या विहिरीला १४० ग्रॅम झाली. ती डायरेक्ट विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून गुठळ्या मोडायच्या, भजीच्या पिठासारखं सरबरीत करायचं, मग बादली पाऊणएक भरून ढवळायची आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, चुना खाली बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची, ती बादली दोरीने पाण्यात सोडून वरखाली हलवायची, खालचा चुना विहिरीपासून लांब टाकायचा. यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याला हात लावायचा नाही, कारण जंतू मरायला क्लोरीनला वेळ लागतो. आणि घाई नेमकी इथेच होते.

पावसाळ्यात पाणी गढूळ असलं की निम्मा क्लोरीन त्या गाळातच खर्च होतो, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचं आणि मग टीसीएल.

आता ओटी. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. किटमधल्या छोट्या नळीत खुणेपर्यंत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, किती गडद आला ते शेजारच्या रंगपट्टीशी लावून बघायचं. पाणी पांढरंच राहिलं तर ओटी निगेटिव्ह. रंग लगेच वाचायचा, पंधरा मिनिटांनी बघितला तर अमोनियात अडकलेला क्लोरीनही मोजला जातो आणि रिडिंग उगाच चांगलं दिसतं. पाण्यात लोह किंवा नायट्राईट असलं तरी पिवळट झाक येते. ऑर्थोटोलिडीन अंगाला बरं नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी आता त्याऐवजी डीपीडी हे दुसरं औषध वापरतात, त्यात रंग गुलाबी येतो. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा.

शिल्लक हा शब्द महत्त्वाचा. टाकीखालच्या नळाला ओटी घेतली तर ती पॉझिटिव्हच येणार, त्यात काय विशेष. घ्यायची असते गावाच्या शेवटच्या नळाला. आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ पाईप रिकामा, आणि फुटका जॉइंट गटारातून जात असेल तर रिकामा पाईप ते पाणी आत ओढून घेतो, त्यात लोक नळाला मोटार लावतात मग तर विचारू नका. शेवटच्या घरी क्लोरीन शून्य निघाला तर मधे कुठेतरी घाण शिरतेय असा संशय घ्यायचाच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, काहींच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्यातूनही पसरणारा जंतू सापडला, तेव्हा शहरातले लोकही पाण्यातल्या क्लोरीनबद्दल विचारायला लागले.

क्लोरीन आहे म्हणजे जंतू नाहीत असं मात्र ओटी सांगत नाही, त्यासाठी लॅब. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही चालत नाही. नमुन्याची निर्जंतुक बाटली येते तिच्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, ते धुवायचं नाही. पुष्कळ जण 'बाटलीत काहीतरी आहे' म्हणून विसळून घेतात आणि मग लॅबला पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतो, रिपोर्ट येतो झकास. नमुना बर्फात ठेवून २४ तासांत पोचवावा लागतो. रिपोर्ट यायला दिवस जातात आणि तोवर ते पाणी गाव पिऊन मोकळं झालेलं असतं, म्हणून जलसुरक्षकाने, म्हणजे गावातलं पाणी बघणाऱ्या माणसाने, रोज ओटी घेऊन रजिस्टरला लिहायची असते. गावात करता येईल अशी एचटूएसची कुपीही मिळते, ग्वाल्हेरच्या संरक्षण खात्यातल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली, पाणी भरून उबेला ठेवायची आणि एक-दोन दिवसांत काळी पडली की ते पाणी पिऊ नये.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याचे स्रोत आणि आजूबाजूची स्वच्छता बघून ग्रामपंचायतीला कार्ड देतात. जास्त धोका लाल, मध्यम पिवळं, कमी हिरवं, आणि सलग पाच वर्षं हिरवं टिकवून साथ आली नाही तर चंदेरी.

टीसीएलने सगळंच होतं असं नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, ते उकळल्यावर मरतात. नायट्रेट आणि फ्लोराईडवर तर टीसीएल आणि उकळणं दोन्हींचा उपयोग नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे, तिथे ओटी कितीही पिवळीधमक आली तरी दातांवरचे डाग थांबत नाहीत, आणि पाणी उकळलं तर पाणी आटतं, फ्लोराईड तेवढंच राहतं.