होम थिएटर रिसीव्हरची निवड (ग्रामीण विदर्भातील घरांसाठी)

होम थिएटर रिसीव्हर म्हणजे टीव्ही, डीटीएच बॉक्स किंवा मोबाइलमधून आलेला आवाज उलगडून त्याच्या वाटण्या करणारे आणि प्रत्येक वाटणीला ताकद देऊन ती ठरलेल्या स्पीकरकडे पोचवणारे यंत्र. ५.१ रिसीव्हरवर समोरचे दोन, मधला संवादांचा आणि मागचे दोन असे पाच स्पीकर चालतात, '.१' म्हणजे सबवूफर, त्याचा अँप्लिफायर सहसा त्याच्याच पेटीत असतो. विदर्भातल्या गावांत मात्र 'होम थिएटर' म्हटले की पेनड्राइव्ह लावायची सोय असलेला, निळे दिवे लुकलुकणारा तयार संच डोळ्यांपुढे येतो. या नोंदीतला रिसीव्हर तो नव्हे. त्या संचातले स्पीकर पुष्कळदा ३ किंवा ४ ओहमचे आणि त्याच्याच अँप्लिफायरच्या बेताने बनवलेले असतात. 'स्पीकर तर आहेतच, नुसता रिसीव्हर आणू' हा हिशेब इथेच फसतो.

ओहम म्हणजे स्पीकर विजेच्या वाटेत घालत असलेला अडथळा. अडथळा जितका कमी, तितका प्रवाह जास्त आणि रिसीव्हर तितका गरम. किती ओहमपर्यंत चालेल ते यंत्राच्या मागे, तार जोडायच्या जागेजवळच छापलेले असते. ६ किंवा ८ ओहमचे स्पीकर बहुतेक रिसीव्हरांना निर्धास्त चालतात. ४ ओहमचे हळू आवाजात निभावतात, पण पाहुणे जमले आणि आवाज वाढवला की यंत्र खटकन स्वतःला बंद करून घेते. ओसरीतही गाणी ऐकू यावीत म्हणून एकाच जोडणीवर ८ ओहमचा दुसरा स्पीकर टाकायची खोड सर्वत्र दिसते. त्या दोहोंचे मिळून ४ ओहम होतात, हे कुणाच्या ध्यानी येत नाही.

ओहमइतकीच महत्त्वाची, पण दुकानात कुणी न विचारणारी गोष्ट म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता: १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि बंगई (झोपाळा) ३ मीटरवर टांगलेली आहे. तिच्यावर बसून ७५ डेसिबलने सिनेमा ऐकायला अर्ध्या वॅटहून किंचितच जास्त ताकद लागते. पण ढगांचा गडगडाट किंवा स्फोट सरासरीच्या २० डेसिबल वर उडी घेतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभर पट ताकद. त्या अर्ध्याहून किंचित जास्त वॅटचे तिथे सुमारे ५६ वॅट होतात. स्पीकर ८४ डेसिबलचा निघाला तर त्याच गडगडाटाला ११२ वॅट हवेत, ९० चा असेल तर २८ पुरतात. म्हणून आधी स्पीकर ठरवावेत, मग रिसीव्हर. उलट क्रमाने गेलेला माणूस ताकदीवर पैसे घालतो आणि ती स्पीकरमध्ये जिरते.

'भाऊ, किती वॅटचा हाय?' या प्रश्नाला दुकानात नेहमी मोठेच उत्तर मिळते. पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) हजारांतले आकडे सरळ सोडून द्यावेत. गावचा रेडिओ मिस्त्री ४४४० आयसीवर (आवाज वाढवणारी चिप) जो अँप्लिफायर बांधून देतो, त्यातला तो आयसी दोन बाजूंना मिळून साधारण १२ वॅट देतो, आणि तेवढ्यावर ट्रॅक्टरवरचे गाणे शेजारच्या धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) जाते. रिसीव्हरच्या आकड्यापुढची बारीक ओळ वाचावी. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल' अशी अट घालून सांगितलेले ७० वॅट खरे (चॅनेल म्हणजे एका स्पीकरची वाटणी). तेच यंत्र '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल' असे मोजले की आकडा फुगतो. पाचही चॅनेल एकदम गरजले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७० हूनही कमी येतात, कारण ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत मिळून एकच असतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीला एवढे भरपूर.

खोलीचा स्वभाव मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच रचून ठेवतात. त्या गंजीशेजारी सिनेमा लावला की संवाद कोरून काढल्यासारखे स्पष्ट येतात, कारण मधले आणि बारीक सूर कापूस पिऊन टाकतो. कापूस विकला की त्याच खोलीत घुमारा येतो. बऱ्याच रिसीव्हरांसोबत खोलीचे मोजमाप घेणारा छोटा माइक मिळतो (डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ). जानेवारीत घेतलेले मोजमाप कापूस गेल्यावर पुन्हा घ्यावे. माइक चालू असताना कूलर बंद ठेवायचा, आणि मेमध्ये कूलर लागला की मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल चढवायचा, नाहीतर संवाद त्या घरघरीत बुडतात. टिनाचे छप्पर सबवूफरच्या धक्क्याने खडखडते. त्याला सेटिंग नाही, स्क्रू आवळावे लागतात.

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काचेच्या कपाटात कोंबलेला रिसीव्हर दुपारी टिकत नाही. वर वीतभर जागा मोकळी हवी आणि त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये. विजेचा त्रास वेगळा. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दाब २३० वरून पार खाली येतो, आणि डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास चढू शकतो. त्यामुळे दाब वाढताच वीज तोडणारा स्टॅबिलायझर ही चैन नव्हे, तो खर्चात पहिल्या दिवसापासून धरावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. जूनच्या पहिल्या कडकडाटात प्लग काढला तरी डिशची केबल तशीच राहते, आणि वीज तिच्यावाटेही घुसते.

खरेदी बहुधा कापसाचा चुकारा हाती आल्यावर होते. ६०,००० रुपयांचा बेत असेल तर निम्म्याहून कमी पैसे रिसीव्हरवर घालावेत, उरलेल्यांत समोरचे दोन आणि मधला चांगला घ्यावा. मागचे दोन आणि सबवूफर पुढच्या हंगामात आले तरी अडत नाही. तोवर ते नाहीत असे रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगता येते. डोक्यावरून आवाज पाडणारे डॉल्बी अ‍ॅटमॉस घरगुती यंत्रांत २०१४ मध्ये आले, पण कवेलूच्या उतरत्या छपराखाली त्याचा पैसा वाया जातो. ज्या घरात फक्त फ्री डिश आणि भजने चालतात, तिथे तर साधा स्टिरिओ अँप्लिफायरच बरा.

टीव्हीला एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच तारेने रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) लिहिलेले एचडीएमआय असेल तर एकाच तारेने काम भागते. जुना रिसीव्हर ४के चित्र पुढे सोडत नसेल तर बॉक्स टीव्हीला जोडून आवाज तेवढा ऑप्टिकल तारेने आणावा. वापरलेला माल नागपूरच्या सीताबर्डीतून घेताना मागची पाटी आधी वाचावी: १२० व्होल्टचे अमेरिकी यंत्र आपल्या २३० वर लावताच जळते. नव्याचे खोके आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावे. सर्व्हिस सेंटर बहुधा नागपूरला असते, आणि सात-आठ किलोचे ते धूड एसटीत मांडीवर घेऊनच न्यावे लागते.