उंची मोजायची कुठून, कुठपर्यंत?

इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. 1801, 1908 आणि 1984 अशा तीन आगी त्याने सोसल्या. आज शहरात सात मजल्यांची मल्टी, म्हणजे फ्लॅटची इमारत, सर्रास दिसते, पण तिच्या नकाशावर लिहिलेली उंची कुठून कुठपर्यंतची, हे फ्लॅट घेणारा क्वचितच विचारतो. जिने किती, पाण्याची टाकी केवढी, पंप कोणता, हे सगळे त्याच आकड्यावर ठरते.

उंचीला लगाम घालणारे जुने नियम रस्त्याशी बांधलेले होते. 1666 च्या आगीनंतर लंडनने 1667 मध्ये कायदा करून गल्लीत दोन, मोठ्या रस्त्यांवर तीन आणि हमरस्त्यावर चार मजले ठरवून दिले. आपली राष्ट्रीय इमारत संहिता 1970 ची. तिनेही उंची रस्त्याच्या रुंदीशी जोडली. असा नियम उजेड, वारा आणि शेजाऱ्याचा हक्क सांभाळतो, आणि मोजणीही त्याच्या सोयीची होते: भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून शेवटच्या राहत्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत. टाकी, लिफ्टची खोली, शोभेचे बांधकाम सहसा सोडून दिले जाते. ही उंची 15 मीटर किंवा त्याहून जास्त झाली की 2016 च्या संहितेनुसार इमारत ‘हाय-राइज’, म्हणजे उंच इमारत, ठरते.

अग्निशमन दलाला मात्र वेगळीच उंची हवी असते. माणूस कुठे अडकलाय, आणि गाडी कुठे उभी राहणार? म्हणून ब्रिटनमध्ये सर्वात खालच्या बाजूच्या जमिनीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत मोजतात. तिथे 18 मीटर हा कळीचा आकडा आहे. अमेरिकेत गाडी पोहोचू शकते त्या सर्वात खालच्या जागेपासून मोजतात आणि वापरातला मजला 75 फुटांच्या, म्हणजे सुमारे 23 मीटरच्या वर असला की अटी कडक होतात.

पार्किंग आणि वर सहा मजले, प्रत्येकी 3 मीटर, असे धरा. आपल्याकडे उंची 21 मीटर, ब्रिटनमध्ये 18. गच्चीपर्यंत मोजण्यात आपण सावधच आहोत. खटकते ती सरासरी. प्लॉट मागे 2 मीटर उतरता असेल, तर सरासरीत त्यातला फक्त 1 मीटर दिसतो. गाडी मागूनच येणार असेल, तर शिडीला मात्र पूर्ण 2 मीटर जास्त चढावे लागते. गाडी उभी राहण्याच्या जागेपासूनची उंची नकाशावर स्वतंत्र लिहिलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. संहिता शिफारस करते, बंधन राज्याचे नियम घालतात. त्यामुळे ही मागणी मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012 मध्ये दुरुस्तीसाठीच करावी लागेल.