परमँगनेटचा जांभळा रंग डी-डी संक्रमणाचा नव्हे

बारावीच्या वर्गात एक वाक्य घोकून घेतलं जातं: संक्रमण मूलद्रव्यांच्या संयुगांना रंग येतो तो डी-डी संक्रमणामुळे, म्हणजे धातूच्या एका डी कक्षकातून (इलेक्ट्रॉनच्या जागेतून) दुसऱ्या डी कक्षकात इलेक्ट्रॉनने मारलेल्या उडीमुळे. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणापुरतं ते बरोबर आहे. पण विहिरीत टाकतात त्या पोटॅशियम परमँगनेटलाही तेच लावलं, की चूक होते.

परमँगनेटमधलं मँगनीज +7 अवस्थेत असतं. त्याच्या डी कक्षकांत एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. मग उडी मारणार कोण? उडी मारतो तो ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन, थेट मँगनीजच्या रिकाम्या कक्षकात. याला प्रभार-स्थानांतरण म्हणतात. त्यासाठी साधारण 525 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषला जातो, म्हणून द्रावण जांभळं दिसतं. वर्णपटमापीवर या शोषणाची मोलर शोषकता (पदार्थ प्रकाश किती जोरात शोषतो याचं माप) सुमारे 2,400 भरते, तर कॉपर सल्फेटची जेमतेम 10-12. म्हणूनच चिमूटभर परमँगनेट बादलीभर पाणी रंगवतं.

गंमत अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) दिसते. परमँगनेटचं क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, मँगनीज +2 झालं की डी कक्षकांत चक्क पाच इलेक्ट्रॉन येतात, आणि द्रावण जवळजवळ रंगहीन! तिथे डी-डी उडी मारायची तर इलेक्ट्रॉनला आपलं फिरकीचं (स्पिनचं) गणित मोडावं लागतं, आणि ते क्वचितच घडतं. उलट पिवळ्या क्रोमेटमध्येही परमँगनेटसारखे डी इलेक्ट्रॉन शून्यच; त्याचा रंगही प्रभार-स्थानांतरणाचाच.