अंबाबाईच्या पायांवर ऊन येतं कसं?

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. देऊळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात. पहिल्या दिवशी पाय, मग कंबर, तिसऱ्या दिवशी चेहरा असं मानतात. लोक चमत्कार म्हणतात, मला त्यातलं गणित जास्त भारी वाटतं.

तारखाच बघा ना. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, आणि २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी परत ४१च! २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सगळ्यात दक्षिणेला जाऊन माघारी फिरतो, म्हणजे जाताना जिथं मावळला तिथंच येतानाही मावळणार, कोल्हापुरातून बघितलं तर बरोबर पश्चिमेच्या साधारण १८ अंश डावीकडे. आणि सूर्य खाली जाईल तसं ऊन आडवं होतं, त्यामुळे जमिनीवरचा पट्टा आत आत सरकत मूर्तीवर खालून वर चढतो.

हे एवढं उठून दिसतं कारण आत मुळातच अंधार. काळा पाषाण दाब कितीही सोसतो पण वाकवला की तडकतो, म्हणून दगडी तुळया फार लांब टाकता येत नाहीत, मग खांब जवळजवळ येतात आणि त्यांच्या गर्दीत उजेड कुठनं शिरणार?

बाहेर नेमकं उलटं. भिंती सरळ नाहीत, ताऱ्यासारखे कोन काढत गेल्यात, प्रत्येक कोनावर ऊन वेगळ्या वेळी पडतं, त्यामुळे योगिनी, नर्तकी, वादक यांचं कोरीव काम सकाळी एक दिसतं आणि संध्याकाळी वेगळंच. (वरची शिखरं विटा-चुन्याची, नंतरची, ती बघून देऊळच नवीन समजू नका. लाकडी गरुड मंडपही नंतरचाच.)

ढग, धूळ, धुकं असलं की किरण अर्ध्यातच अडकतात, पण खरी अडचण आजूबाजूच्या इमारतींची. सूर्य क्षितिजापासून ३ अंश वर असेल तर किरणाच्या वाटेत १०० मीटरवर साडेपाच मीटरचं बांधकाम आलं तरी ऊन संपलं, म्हणजे दुमजली घरसुद्धा पुरतं, म्हणूनच दर वर्षी किरणोत्सवाआधी अडथळे काढायची चर्चा सुरू होते.